लालसू मडावी आणि दुसरा वाघ

श्री. लालसू दसरू मडावी यांचा व माझा परिचय आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत झाला. सकाळची शाळा सुटल्यानंतर दुपारी तीन वाजता तेथे आम्हा वयस्क मंडळींचा साक्षरता वर्ग भरतो. मागील वर्षी होळीनंतर आठ दिवसांनी ते वर्गाच्या दारात उभे राहिले आणि आमच्या शिक्षिका नंदिनीताई यांना म्हणाले, "मले पूरं शिकाचं नाई, ताई. एक अर्ज लिहाचा हाये. तेवढंच शिकवा." नंदिनीताईंनी त्यांना माझ्या शेजारी बसवले, कारण मी त्या वेळी जोडाक्षरांपर्यंत पोहोचले होते. चेहऱ्याने मी त्यांना तीस वर्षे ओळखत होते. परंतु एखादा माणूस एका अर्जासाठी चार दिवस घाम गाळताना पाहिला, म्हणजेच त्याची खरी ओळख झाली असे मी मानते.

आमचे गाव गोंडपिपरी तालुक्यात, वैनगंगेच्या अलीकडे आहे. लालसूभाऊंचे घर तलावापलीकडील टोल्यावर, म्हणजे लहान वस्तीवर आहे. ते वनखात्यात बावीस वर्षांपासून हंगामी मजूर आहेत. म्हणजे तो हंगाम बावीस वर्षांपासून संपलेला नाही. पूर्वी ते वणवा अडवण्यासाठी आखलेल्या जाळरेषा साफ करीत, रोपांना पाणी घालीत. अलीकडे सहा वर्षांपासून त्यांच्याकडे जंगलात कॅमेरे बांधण्याचे काम आले आहे.

हा कॅमेरा जेवणाच्या डब्याएवढा असतो. तो झाडाच्या बुंध्याला गुडघ्याच्या उंचीवर पट्ट्याने बांधतात. समोरून कोणी गेले की तो आपण होऊन फोटो काढतो व त्यावर तारीख आणि वेळ टाकतो. एका ठिकाणी दोन कॅमेरे लागतात, रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर. याचे कारण असे की, वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीवर नसतात. दोन्ही कुशी एकाच वेळी फोटोत आल्या, तरच तो कोणता वाघ आहे हे ठरते. ही माहिती मला लालसूभाऊंनी दिली. कार्यालयाच्या भिंतीवरही ती रंगवलेली आहे, परंतु तेथे तिच्यासमोर कपाट ठेवले आहे.

कॅमेरा बांधून झाला की तो बरोबर आहे का, हे पाहण्यासाठी माणसाने त्याच्यासमोरून वाघासारखे हातापायांवर चालत जावे लागते. त्यामुळे कॅमेऱ्यातील प्रत्येक कार्डावर पहिला फोटो लालसूभाऊंचा असतो. त्यांच्या पत्नी सुकरीबाई याविषयी म्हणतात, "घरी पानी उचलाले सांगतलं तर याची कंबर दुखते. तिकडे कॅमेऱ्यापुढं कसा चार पायानं चालते पाहा."

आता चुकीविषयी लिहिते, कारण ती त्यांनी स्वतः कबूल केली आहे.

सात क्रमांकाचे ठिकाण आमच्या मोहाच्या वाटेवर, म्हणजे मोहफुले वेचायला जाण्याच्या वाटेवर होते. ते कार्यालयाने नकाशावर बोट ठेवून ठरवले होते. त्या ठिकाणी वाटेच्या एका बाजूला सागाची झाडे होती आणि दुसऱ्या बाजूला एकच झाड होते. ते साज्याचे, म्हणजे ऐनाचे होते. लालसूभाऊंच्या कुळाचे दैवत त्या साज्यावर राहते. त्यांचे लोक त्या झाडाला दोर बांधत नाहीत, कुऱ्हाड टेकवत नाहीत, सावलीत बसायचे झाले तरी चपला दूर काढतात. अशा झाडाला सरकारी पट्टा आवळणे त्यांच्याने झाले नाही. म्हणून त्यांनी दोन्ही कॅमेरे एकाच बाजूला, सागाच्या दोन झाडांना लावले. कॅमेरे दोन होते, झाडे दोन होती, फॉर्मवर "कॅमेरे किती" एवढेच विचारले होते. त्यांनी दोन असे सांगितले आणि ते खरे होते.

त्या वाटेने एक वाघ येत-जात असे. त्याच्या शेपटीच्या टोकाला जुन्या जखमेची गाठ होती, म्हणून आम्ही त्याला गाठ्या म्हणत होतो. गाठ्या संध्याकाळी तलावाकडे उतरत असे आणि पहाटे परत डोंगराकडे जात असे. सकाळी ऊन अंगणात आले, म्हणजे गाठ्या गेला, असा आमच्या बायांचा हिशेब होता आणि तो अनेक वर्षे चुकला नव्हता.

कॅमेरे एकाच बाजूला असल्यामुळे, जाताना गाठ्याची डावी कुशी फोटोत आली आणि येताना उजवी. कार्यालयातील संगणकचालक प्रफुल यांनी फोटो लावून पाहिले. पट्टे जुळेनात. त्यांनी साहेबांना दाखवले. साहेबांनी चष्मा लावून पाहिले, चष्मा काढून पाहिले आणि जाहीर केले की, हे दोन वाघ आहेत. डावीकडच्याला चौदा क्रमांक मिळाला व उजवीकडच्याला पंधरा. चौदा क्रमांक फक्त संध्याकाळी हिंडतो आणि पंधरा क्रमांक फक्त पहाटे, हे पाहून वाघांमध्येही समजूतदारपणा असतो असे साहेबांनी वरच्या कार्यालयास लिहून कळवले.

लालसूभाऊंनी त्या वेळी तोंडी सांगून पाहिले. "साहेब, दोघाईच्या शेपटीले गाठ हाये."

"एकाच आईचे असतील," साहेब म्हणाले. "कुटुंबात असते तसे."

पंधरा दिवसांत आमच्या गावाच्या फाट्यावर एक मोठा फलक लागला. त्यावर लिहिले होते की, या क्षेत्रात वाघांची संख्या दुप्पट झाली आहे. एका कोपऱ्यात चौदा क्रमांकाचा फोटो होता व दुसऱ्या कोपऱ्यात पंधरा क्रमांकाचा. दोघांच्या मध्ये साहेब होते. साहेबांचा सत्कार झाला. लालसूभाऊंनाही एक टोपी मिळाली.

इथपर्यंत कोणाचे काही बिघडले नव्हते. परंतु मोह पडू लागला आणि वाटेवर बांबू आडवा आला. दोन वाघांचा वावर असल्यामुळे, संध्याकाळी एक व पहाटे दुसरा असा धोका चोवीस तास असल्यामुळे, मोहाची वाट पुढील आदेशापर्यंत बंद करण्यात आली होती. मोह वर्षातून एकदा, तीन-चार आठवडे पडतो. तो कोणत्याही आदेशासाठी थांबत नाही. वेचला नाही तर त्याला रानडुकरे खातात, उरलेला मातीत कुजतो. आमच्या गावात आणि टोल्यावर मिळून ऐंशी घरे आहेत, आणि त्या ऐंशी घरांच्या वर्षाची बेगमी त्या बांबूच्या पलीकडे पडत होती.

सुकरीबाई टोपली घेऊन गेल्या व तशाच परत आल्या. घरी येऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या, "एका वाघाचे दोन तू केले. आता एक कमी कर."

म्हणून लालसूभाऊ आमच्या वर्गात आले होते.

त्यांचा अर्ज असा होता: "विनंती की, सात नंबरवर वाघ एकच आहे. दोन्ही कॅमेरे मी एका बाजूला बांधले. दुसऱ्या बाजूला आमच्या देवाचे साज्याचे झाड होते. चूक माझी आहे. वाट उघडावी." मी त्यांना सुचवले की, झाडाचे कारण लिहू नये, फक्त चूक झाली असे लिहावे, नाहीतर कामावरून काढतील. ते म्हणाले, "वच्छलाबाई, नुसती चूक लिहिली तर साहेब म्हनतीन, पेऊन होता. झाड लिहा." मी झाड लिहायला शिकवले. 'ज्य' हे जोडाक्षर त्यांना दोन दिवस जमले नाही, पण त्यांनी ते सोडले नाही.

अर्ज घेऊन ते गेले आणि अर्ज घेऊन परत आले. साहेबांनी वाचला होता. साहेबांचे म्हणणे असे पडले की, वाघ कमी झाल्याची नोंद साध्या कागदावर होत नाही. त्यासाठी ठरलेला फॉर्म आहे आणि त्यात दोनच रकाने आहेत, मृत व स्थलांतरित. मृत असल्यास कातडी व नखे जमा करावी लागतात. मुळात नव्हताच, असा रकाना नाही.

झाडाविषयी साहेब म्हणाले होते, "देव होता तर आधी कळवायचे होते."

"देव आमच्या आज्याच्याबी आधीपासून हाये, साहेब. कोनाले कळवाचं होतं?" असे लालसूभाऊंनी विचारले होते. त्यावर त्यांना बाहेर बसण्यास सांगण्यात आले.

मग त्यांनी आपल्या बुद्धीने एक काम केले. त्यांनी कॅमेरे साठ पावले पुढे नेले, जिथे वाटेच्या दोन्ही बाजूंना साधी झाडे होती, आणि ते समोरासमोर बांधले. तिसऱ्याच दिवशी गाठ्या मधून गेला. एकाच मिनिटाला एका कॅमेऱ्यात डावी कुशी आली, दुसऱ्यात उजवी. आता दोन कुशींचा एक वाघ सिद्ध झाला, अशा समाधानाने त्यांनी कार्ड नेऊन दिले. त्या दिवशी ते वर्गात आले आणि पहिल्यांदा मागच्या भिंतीला टेकून बसले.

प्रफुल यांनी फोटो लावले. डावीकडच्या कॅमेऱ्यात चौदा क्रमांक होता, उजवीकडच्या कॅमेऱ्यात पंधरा क्रमांक होता. वेळ एकच होती. साहेबांनी निष्कर्ष काढला की, दोन्ही वाघ आता खांद्याला खांदा लावून एकत्र फिरत आहेत. एकत्र फिरतात त्या अर्थी ती जोडी आहे. जोडी आहे त्या अर्थी पिले होतील. दोन महिन्यांपूर्वी ते एका आईचे होते, याची आठवण कोणी करून दिली नाही. पिले असलेल्या क्षेत्रात माणसाने पाऊल ठेवणे योग्य नसल्यामुळे बांबूच्या जागी तारेचे कुंपण घालण्याचा प्रस्ताव तयार झाला.

सुकरीबाईंनी हे ऐकले तेव्हा त्या मोहाच्या रिकाम्या टोपलीत धान भरत होत्या. त्या म्हणाल्या, "आता बारशाले टोपी घालून जाजो."

मोह पडून दहा दिवस झाले होते. अकराव्या दिवशी आम्ही नऊ बाया टोपल्या घेऊन कार्यालयात गेलो. मीही गेले होते. साहेब यायचे होते, म्हणून आम्ही फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत बसलो. लालसूभाऊ सकाळीच आले होते, कारण सेल बदलण्यासाठी कॅमेरे कार्यालयात आणण्याचा तो दिवस होता. ते फाटकाच्या दोन खांबांपाशी बराच वेळ वाकून काहीतरी करत होते. नंतर ते खांबांच्या मधून हातापायांवर चालत गेले. आमच्यातील अंजनाबाई म्हणाल्या, "याचं डोस्कं गेलं."

साडेअकराला साहेब आले. गाडी बाहेर लावून ते फाटकातून आत गेले. त्यांच्या एका हातात फोन होता व दुसऱ्या काखेत फाईल होती. लालसूभाऊंनी त्यांना आत जाऊ दिले, मग दोन्ही खांबांवरचे कॅमेरे सोडले, कार्ड काढून प्रफुल यांच्या टेबलावर ठेवले आणि ते दाखवण्याची विनंती केली. खिडकी उघडी होती. आम्ही बाया खिडकीशी जाऊन उभ्या राहिलो.

पडद्यावर आधी लालसूभाऊंच्या दोन कुशी आल्या. नंतर साहेब आले. एका फोटोत साहेबांची डावी बाजू होती, तीत कानाला लावलेला फोन होता. दुसऱ्यात उजवी बाजू होती, तीत फाईल होती.

"प्रफुलभाऊ, साहेब किती हायेत?" लालसूभाऊंनी विचारले.

"एक," प्रफुल म्हणाले.

"काऊन एक? याच्यापाशी फोन हाये, फाईल नाई. त्याच्यापाशी फाईल हाये, फोन नाई. टाइम एकच हाये. खांद्याले खांदा लावून चालून राह्यले."

प्रफुल यांनी साहेबांकडे पाहिले. साहेब पडद्याकडे पाहत होते. खिडकीतून सुकरीबाई म्हणाल्या, "दोन असतीन तर एक आमच्यासंगं मोहावर पाठवा, साहेब. एक इथी राहू द्या." बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले, हे प्रामाणिकपणे लिहिते.

साहेब वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी ते दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले, आणि त्यांना सर्व समजले हे त्यांच्या चेहऱ्यावरून आम्हाला बाहेरून दिसले. परंतु फाट्यावर फलक होता, वरून अभिनंदनाचे पत्र आले होते, आणि मुळात नव्हताच असा रकाना फॉर्ममध्ये अजूनही नव्हता. लालसूभाऊंना कामावरून काढण्यासही अडचण होती, कारण काढण्याचे कारण लिहावे लागले असते. म्हणून त्यांना हंगामी म्हणून कायम ठेवण्यात आले. वाट त्याच दिवशी उघडण्याचे ठरले.

साहेबांनी तोंडाने सांगितले व प्रफुल यांनी आदेश टंकला. तो त्यांनी आम्हाला खिडकीतून वाचून दाखवला. त्याचा आशय असा होता की, वाघ क्रमांक पंधरा हा वैनगंगा नदी ओलांडून पलीकडील गडचिरोली जिल्ह्याच्या जंगलात स्थलांतरित झाला असल्याने, व वाघ क्रमांक चौदा याच्या वेळा ग्रामस्थांना माहीत असल्याने, मोहाची वाट खुली करण्यात येत आहे. तिकडील गावांना सावध करण्यासाठी आदेशाची एक प्रत तिकडे पाठवावी, असेही त्यात होते.

वाट उघडली म्हटल्यावर बायांनी टोपल्या उचलल्या. साहेबांनी सहीसाठी पेन हातात घेतले. लालसूभाऊ मात्र टेबलापासून हलले नाहीत. साहेबांनी विचारले, "आता काय राहिले?"

ते म्हणाले, "साहेब, त्याले नदीपल्याड धाडू नका. तिकडच्या बायाईलेबी मोह येचाचा हाये."