अमरावती रोड बाबांच्या वर्तुळात होता

१. बाबांना अलीकडे घरचा रस्ता आठवत नाही, म्हणून त्यांच्या गळ्यात ट्रॅकर असतो.
२. वाडीतल्या आमच्या घराभोवती मी ॲपमध्ये वर्तुळ आखलं होतं. बाबा त्याबाहेर गेले की माझ्या फोनवर अलर्ट येतो.
३. आज सकाळी आई आंघोळीला गेली तेवढ्यात बाबा एकटे अमरावती रोड ओलांडायला निघाले. अलर्ट आला नाही.

ट्रॅकर ठीक होता. रोडची पलीकडची बाजूही माझ्या वर्तुळातच येत होती. मी घरापासूनचं अंतर मोजलं, मधून ट्रक जातात हे धरलं नाही.

मी हिंगण्याला कामावर होते. फोन आला तो रोडपलीकडच्या पोहेवाल्या काकूंचा. ट्रॅकरवर चिकटवलेला माझा नंबर त्यांनी पाहिला होता.

"काहून वं, बाबाले एकटं सोडून राहिली? ट्रकवाल्याले हात दाखवून थांबवलं म्या. आता पोहे खाऊन राहिले, अन् मलेच म्हणतात, पोह्यावरची तर्री पानचट हाय!"

"येते मी," म्हणाले आणि लगेच निघाले.

आता हद्द रोडच्या अलीकडे, गल्लीपुरतीच आखली आहे. पण अलर्ट आला तरी हिंगण्याहून पोचायला मला वेळ लागणारच. काकू जवळ होत्या, म्हणून बाबा आज घरी आहेत. काकूंना विचारून त्यांचा नंबरही अलर्टला जोडला.

आमच्या गल्लीत दिवसा घरी असणारे आणखी दोघं हवे आहेत. अलर्ट आला तर बाहेर येऊन बाबांना थांबवाल का? रविवारपर्यंत कळवा.