घरात करतं कोण

दिनकररावांना मी कधी पाहिलं नाही, आणि ते बरंच झालं. मास्तर-मास्तरणी घडवणाऱ्या वर्गाचे ते परीक्षक. त्यांनी माझ्या आत्याच्या आयुष्यावर लाल शाईने एक शब्द लिहिला. तो आठवला की अजून माझं डोकं फिरतं.

आत्या म्हणजे मनकर्णा. पालमजवळच्या वाडीतली, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली. निजामाचं राज्य गेलं, वाडीत मराठी शाळा निघाली आणि ही तिथं जाऊन बसली. सातवी झाली, मग मास्तरीण व्हायला परभणीला गेली. माझे आजोबा लिंबाजी तसे भले माणूस, पण त्यांनी अट घातली होती. औंदा पास झाली तर नोकरी, नाहीतर पेडगावच्या सोयऱ्यांना होकार द्यायचा. आत्याला नोकरी हवी होती. दुसरं काही नको होतं.

पास व्हायला एकच गोष्ट उरली होती, ग्रामपाहणी. प्रत्येकीने कुणाची मदत न घेता एका गावाची घरोघर चौकशी करायची, स्वतः लिहून काढायची, मगच सर्टिफिकेट. कानांनी ऐकाल तेच लिहा, मनाचं एक अक्षर घालू नका, असं दिनकररावांनीच वर्गात बजावलं होतं. आत्याने ते खरं मानलं. चूक म्हणायची तर एवढीच.

एसटीने ती वाडीला आली तेव्हा गडीमाणसं गावात नव्हती. दिवाळी झाली की ती मेंढरं घेऊन सोनपेठकडे, गोदावरीच्या काठाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. घरी राहतात बाया. छापील तक्त्यात पहिलाच रकाना होता, 'घरचा कर्ता'. आत्या उंबऱ्याशी बसून विचारायची, "घरात कर्तं कोन हाय?" तिला म्हणायचं होतं, घरात मुख्य कोण. बायांना ऐकू यायचं, काम कोण करतं. कडूबाई काकूने तर दळता दळता जातंच थांबवलं.

"कोन करायलंय म्हंजी? दिसंना का तुला? मीच की."

आत्याला आधी हसू आलं. मग तिने नीट समजावलं की नवऱ्याचं नाव सांगायचंय. काकूने तोंडाला पदर लावला. नवऱ्याचं नाव कुठली बाई तोंडाने घेते? पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. संध्याकाळी सख्ख्या आईने, म्हाळसाबाईने, तेच उत्तर दिलं, तेव्हा आत्याचं हसू थांबलं. पेरलेलं राखायचं, म्हाताऱ्यांचं बघायचं, लेकरं वाढवायची, आलागेला करायचा, सगळं ह्याच तर करत होत्या. तिने कर्त्याच्या रकान्यात घरोघरी बाईचं नाव लिहिलं. ऐकलं तेच लिहिलं.

दिनकररावांनी ते भर वर्गात वाचून दाखवलं. गावातले पुरुष मेले की काय, असं विचारून स्वतःच हसले. ते हसले म्हणून वर्गही हसला. मग त्यांनी चार दिवसांची मुदत दिली, पुरुषांची नावं घालून आण म्हणून. नावं काय, आत्याला पाठ होती. तिचेच चुलते आणि चुलतभाऊ ते. एका बैठकीत झालं असतं.

चार दिवसांनी तिने कागद होता तसाच पुढे ठेवला. "सर, ही नावं मला कुणी सांगितली न्हाईत. ऐकलं तेच लिहा, असं तुमीच म्हणाला होता."

त्यांनी लाल शाईने लिहिलं, 'अमान्य'.

आमच्या घरातले अजून म्हणतात, जरा खाडाखोड केली असती तर काय बिघडलं असतं? मला त्यांचाही राग येतो. एका माणसाला आपलं म्हणणं मागे घेणं कमीपणाचं वाटलं, म्हणून एका पोरीची शाळा गेली. आणि समजूतदारपणा दाखवायचा तो तिनेच?

उन्हाळ्याच्या शेवटी, गडीमाणसं परतल्यावर, आत्याचं लग्न झालं. पेडगावचे आश्रुबामामा माणूस वाईट नव्हते, पण तेही मेंढरांमागे जाणारेच.

साठ साली शिरगणतीआधीची घरमोजणी आली. एक तरुण मास्तर कागद घेऊन आत्याच्या दारात उभा राहिला. मांडीवर आईविना पडलेलं कोकरू घेऊन ती त्याला दूध पाजत होती. घरचा कर्ता कोण, त्याने विचारलं. मनकर्णा, ती म्हणाली. तो म्हणाला, मालकाचं नाव सांगा. ती म्हणाली, आमच्यात घेत न्हाईत. त्याने शेजारी धाकट्या जावेला, बायनाबाईला विचारलं. ती म्हणाली, थोरल्या भावजींचं नाव मी कसं घ्यू? सारी आळी भावकीची, गडीमाणसं मेंढरांमागे गेलेली, उन्हं डोक्यावर आलेली. शेवटी त्याने 'मनकर्णा' असं लिहिलं.

आत्याने त्याला विचारलं, शिकताना तुमालाबी पाहणी करावी लागली असंल. तो हो म्हणाला. कर्त्याच्या रकान्यात काय लिवलं? पुरुषांची नावं, तो म्हणाला. बायांना विचारून? त्यात विचारायचं काय, असं म्हणत तो हसला.

"तुमी विचारलं न्हाई, म्हणून कागद तुमच्या हातात हाय," आत्या म्हणाली. "मी विचारलं, म्हणून हितं बसलेय."