रीसलिंग टेबलावरच

मला रीसलिंग आवडते, आणि तीही कोरडी. हे आधीच सांगून टाकते, कारण टेक्सासमधल्या फ्रिस्कोत आमच्या ओळखीच्या बायकांनी असलं काही मोठ्याने बोलायची पद्धत नव्हती. ही जर्मन वाइन म्हणजे सरबत, असा पुष्कळांचा समज असतो. पण बाटलीवर ‘ट्रोकन’, म्हणजे कोरडी, असं लिहिलेलं असेल, तर तिच्यात गोडवा नावालाही सापडत नाही. रवा लावून तळलेल्या सुरमईबरोबर घेऊन बघा, तोंडातला तेलकटपणा एका घोटात साफ होतो. कोथिंबीर वडीबरोबर तर विचारूच नका. भरल्या वांग्यापुढे मात्र तिची डाळ शिजत नाही, मसाला तिला खाऊन टाकतो. हे मला कुठल्या क्लासात कुणी शिकवलं नाही. शनिवारी ऑफिसला सुट्टी असायची, तेव्हा माझ्या किचनमध्ये मीच शिकले.

२००६च्या उन्हाळ्यात सासू-सासरे भारतातून सहा महिन्यांसाठी राहायला आले. आमच्या मित्रमंडळींत एक रीतच होती. आई-वडिलांचं विमान उतरायच्या आत घरातल्या सगळ्या बाटल्या गॅरेजमध्ये जायच्या. मग रोज संध्याकाळी पुरुष मंडळी ‘जरा गाडी बघून येतो’ म्हणून उठायची. गाडी कितीही नवी असली तरी तिला बघावंच लागे. बायकांना गाडीतलं काही कळत नाही, तेव्हा त्यांनी सहा महिने मँगो ज्यूस प्यायचा.

नवऱ्याने मला न विचारता माझ्याही बाटल्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवल्या. टेक्सासचा जुलै तो. काही दिवसांतच बुचं वर आली आणि वाइनला उकडलेल्या फळासारखी चव आली. सगळी सिंकमध्ये ओतली. तशीच दुकानात गेले, नवी बाटली आणली आणि फ्रिजमध्ये दह्याच्या डब्याशेजारी उभी केली.

त्या शनिवारी सुरमईला मसाला सासूबाईंनी लावला, तळली मी. सगळे जेवायला बसले तेव्हा मी माझ्या ताटाशेजारी ग्लास ठेवला. हे काय आहे, असं सासूबाईंनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, “ॲपल ज्यूस आहे, आई.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाटल्या हलवल्या ते एक वेळ सोडून दिलं असतं, पण आता माझ्याच टेबलावर तो मला खोट्यात ओढत होता.

“वाइन आहे, आई,” मी म्हणाले. “मला माशाबरोबर आवडते.”

सासऱ्यांनी भातावर आमटी वाढून घेतली आणि मान खाली घातली. सासूबाईंनी माझ्या ग्लासाकडे बघितलं, मग मुलाकडे.

“तोही घेतो, ते कळतं मला,” त्या म्हणाल्या. “गॅरेजमधून आला की वास येत नाही का? पण तो निदान आमचा मान ठेवतो.”

नवऱ्याचा चेहरा पार उतरला. मला त्याची दया आली नाही.

“मीही तुमचा मान ठेवते, आई. म्हणून तुमच्याशी खोटं बोलत नाही.”

त्या ताट घेऊन उठल्या आणि सोफ्यावर जाऊन जेवल्या. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. तरी ग्लास मी तिथून हलवला नाही. यात माझं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. घरात नवऱ्याबरोबरीने मीही कमावत होते, राबत होते, आणि माझ्या जेवणाबरोबर काय प्यायचं ते ठरवायला मला गॅरेजची गरज नव्हती.

पुढच्या शनिवारी पुन्हा मासे केले, पुन्हा माझा ग्लास टेबलावर आला. नवरा गाडी बघायला म्हणून उठला. सासूबाई ताट घेऊन सोफ्याकडे निघाल्या होत्या, त्या वाटेत थांबल्या.

“बस खाली,” त्या त्याला म्हणाल्या. “ती बसलीय ना?”

आणि स्वतः सोफ्यावर जाऊन बसल्या. तो परत खुर्चीत बसला. मी उठून त्याच्यासमोर एक ग्लास ठेवला. त्याने तो उलटा करून ठेवला. मी माझा भरला.