नंबर वाटणारा

मालवणजवळच्या कट्टा गावातल्या एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीत हा गृहस्थ मला रोज दिसायचा. त्याचं नाव विचारावं असं कधी वाटलं नाही. मोबाईलवर जुन्या लढती बघायच्या आणि जगातल्या मिडलवेट बॉक्सरांना नंबर वाटायचे, एवढाच त्याचा उद्योग. जग जिंकलेल्या माणसांना हा चहात बटर बुडवता बुडवता दहाव्या नंबरावर ढकलायचा.

"ठोसो मारूक कोणाकय येता. मार खावन जो रडणा नाय, तोच पयलो," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

नारळी पौर्णिमेला तो मालवणच्या बंदरावर दिसला. तिथे त्या दिवशी नारळ लढवतात. नारळावर नारळ आपटायचा, ज्याचा फुटला तो हरला आणि फुटका नारळ जिंकणाऱ्याचा. समोरच्या काकींच्या पहिल्याच फटक्याला ह्याचा फुटला.

"तुमचो नारळ हेवीवेटातलो! ही लढत धरूची नाय!" तो ओरडला.

काकींनी फुटका नारळ पिशवीत टाकला. "मगे दुसरो घेवन ये."

तो गर्दीत नाहीसा झाला.

दुसऱ्या दिवशी टपरीत त्याने दोन नंबरचा बॉक्सर थेट सातवर आणला.

"तो मेलो हरल्यार कारणा सांगत बसलो," तो तुच्छतेने म्हणाला आणि बटर बुडवला.