गोल झालेला नट

आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. यवतमाळात एका वकीलसाहेबांची मोटार सांभाळतो, म्हणून त्यांच्याकडे राहायला मिळतं. "गाडी बिघडवलीस तर सामान उचल," असं त्यांनी बजावलं होतं.

एकदा चाक काढताना मी सैल पाना लावून जोर केला आणि नटाचे कोपरे झिजवून तो गोल करून बसलो; पाना नुसताच फिरू लागला. रस्त्यावरच्या एका ट्रकवाल्याला हाक मारली. नटाच्या कडेला छन्नी धरून तो हळूहळू ठोकत राहिला.

"भाऊ, जोरात मारा ना."

"जोर तं तू लावलाच होता ना, बाबू!"

नट सुटला, तोच साहेब बाहेर आले. "कोणी बिघडवला?"

"गंजला होता, साहेब," तो म्हणाला आणि माझ्याकडे न पाहता निघून गेला.

मी अजून तिथेच राहतो. खरं सांगायचं काम माझं होतं. ते अजून झालेलं नाही.