बाईंचा चौकटींचा कागद

गौरवग्रंथात साखर पेरण्याची आपल्याकडे पद्धत आहे. केळुसकर बाईंना मधुमेह असल्यामुळे मी ती बेतानेच वापरणार आहे. बाई या महिन्यात साठ वर्षांच्या होत आहेत, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या आम्हा इंग्रजीच्या शिक्षकांनी हा ग्रंथ काढायचे ठरवले, तेव्हा संपादक मंडळाने मला सांगितले, 'बाईंच्या कार्यावर लिहा.' कार्यावर लिहिणारी माझ्यापेक्षा जाणती मंडळी पुष्कळ आहेत. मी एक कबुली लिहितो आहे. बाईंना ती ठाऊक आहेच, पण तुम्हा इतरांना नाही.

बाईंची माझी पहिली भेट घाटकोपरच्या महाविद्यालयात, पहिल्या मजल्यावरच्या एका अरुंद खोलीत झाली. पदवीधर शिक्षकांना इंग्रजी कसे शिकवावे हे शिकवणारा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम बाई तिथे चालवत असत. शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी वर्ग भरे. मी गोवंडीच्या एका मराठी शाळेत पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवत होतो. मुलाखतीत बाईंनी इंग्रजीत प्रश्न विचारला आणि माझी बोबडी वळली. इंग्रजी मी वाचलेले होते, लिहिलेले होते, पण कुणाशी बोललेलो नव्हतो. आमच्या कुर्ल्याच्या चाळीत बोलणार तरी कुणाशी? बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि मराठीत म्हणाल्या, "घाम आला ना? हा घाम लक्षात ठेवा. तुमच्या वर्गात रोज चाळीस मुलांना येतो." मला वाटले, झाले, नाकारले. आठवड्याने प्रवेश मिळाल्याचे कार्ड आले.

बाईंची पाठ बघण्याची रीत जगावेगळी होती. आमच्या शाळांमध्ये कोणीही पाठ बघायला आले, की ते शिक्षकाकडे बघते: फळ्यावरचे अक्षर कसे, आवाज कसा, तक्ते आणलेत की नाही. बाई शेवटच्या बाकावर बसत आणि आमच्याकडे क्वचितच बघत. त्यांच्या हातात एक कागद असे. त्यावर वर्गातल्या बाकांप्रमाणे चौकटी आखलेल्या आणि प्रत्येक चौकटीत त्या जागी बसणाऱ्या मुलाचे नाव. मूल स्वतःहून इंग्रजीत काही बोलले, चुकीचे का होईना, की त्या चौकटीत एक टिंब. तास संपला की कागद आमच्या हातात. माझ्या पहिल्या पाठाच्या कागदावर पाच टिंबे होती आणि पाचही पहिल्या बाकावर. मी म्हणालो, "बाई, पाठ पूर्ण झाला ना पण." त्या म्हणाल्या, "तुमचा झाला."

बाईंकडे मराठीला वर्गाबाहेर उभे करण्याची सक्ती कधी नव्हती. मुलाला अडले की त्याने मराठीत विचारावे आणि मग इंग्रजीकडे जावे, हे त्या हट्टाने सांगत. काही सहकाऱ्यांना ते रुचत नसे. बाईंना मात्र यंत्रांशी कधी जमले नाही. टेपरेकॉर्डरने त्यांच्या हातात किती कॅसेटी गिळल्या याची गणती नाही, आणि प्रत्येक वेळी त्या यंत्रालाच दटावत. त्यांचा चहा फिका असतो हेही इथे नोंदवून ठेवतो, कारण दुसरे कोणी लिहिणार नाही.

आता कबुली.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस माझा शेवटचा पाठ होता. वडिलांची गिरणी बंद पडली होती आणि घर माझ्या एकट्याच्या नोकरीवर उभे होते. तीही हंगामी. आमच्या मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितले होते, "पदविका झाली तर कायमची ऑर्डर. नाहीतर जूनपासून दुसरा माणूस बघतो." त्या पाठावर सगळे अवलंबून होते. मग मी तेच केले, जे आमच्या शाळांत तपासणीच्या आदल्या दिवशी बिनबोभाट होत आले आहे. पाठाची रंगीत तालीम घेतली. आणि ज्या चार मुलांना तालमीतही काही येईना, त्यांना सांगितले, "उद्या तुम्हाला सुट्टी. घरीच थांबा." शकू, दिलीप, सुरेखा आणि बबन. चौघेही खूश होऊन घरी गेले, असे मी स्वतःला सांगितले.

शनिवारी सकाळी पाठ लोण्यासारखा झाला. प्रश्न अर्धा विचारला की उत्तर पूर्ण येत होते. बाई कागदावर टिंबे देत होत्या. तास संपल्यावर त्यांनी चार चौकटींवर बोट ठेवले. "ही चौघं कुठे आहेत?"

माझ्या तोंडून निघून गेले, "ताप आहे, बाई. साथ आहे आमच्या भागात."

"चौघांनाही? अरेरे. मग चला, बघून येऊ."

मला वाटले, त्या रिक्षाने स्टेशनला जातील. त्या शाळेसमोरच्या फळांच्या गाडीशी थांबल्या आणि त्यांनी चार मोसंबी निवडून घेतली. नीट दाबून, वास घेऊन. पिशवी माझ्या हातात दिली. कांजी केलेल्या सुती साडीच्या निऱ्या एका हाताने उचलून बाई गोवंडीच्या गल्लीत शिरल्या. देवनारच्या कचराडेपोकडून वारा आला होता, वासाने डोळे चुरचुरत होते, पण त्यांनी नाकाला पदर लावला नाही. मी प्रत्येक वळणावर ठरवत होतो, आता सांगतो. प्रत्येक वळण मागे पडत होते. ती पिशवी जड होती म्हणून मी मागे राहिलो नव्हतो, एवढे तुम्हाला कळले असेल.

शकूचे घर पहिले लागले. शकू दारासमोर लंगडी घालत होती. बाईंना बघताच थबकली. तिची आई उंबऱ्यात कोथिंबीर निवडत बसली होती. बाईंनी विचारले, "ताप उतरला का हिचा?"

"ताप? कुनाला ताप?" आई हसली. "सरांनीच सुट्टी दिली ना तिला. म्हनले, शाळेत इंग्रजीवाल्या बाई येनार हाईत, तू नको येऊ."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे म्हणतात. गोवंडीची जमीन काही दुभंगली नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. त्या शकूच्या आईशेजारी उंबऱ्यावर बसल्या, एक मोसंबे काढले आणि शकूच्या हातात दिले. शकूने ते दोन्ही हातांत धरले. मग बाईंच्या तोंडाकडे बघत तिने विचारले, "व्हाय यू कम?"

माझ्या वर्गात दोन वर्षांत या मुलीने इंग्रजीत एक शब्द काढला नव्हता.

बाई म्हणाल्या, "टु सी यू."

परतताना बाई गल्लीच्या तोंडाशी थांबल्या. "मी रागावले नाही असं समजू नका. रागावले आहे. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, त्याचं एक वेळ सोडून देऊ. पण 'तू नसलीस की वर्ग चांगला दिसतो', हे तुम्ही त्या पोरीला शिकवलंत. ते तिला नीट समजलंय." मी रडलो. भर रस्त्यात, एकोणतीस वर्षांचा मास्तर. बाईंनी मला रडू दिले. मग म्हणाल्या, "आजचा पाठ मी धरत नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा घ्या. सगळी मुलं हवीत. आणि ही तीन मोसंबी तिघांच्या घरी तुम्ही स्वतः पोचवा. का आणलीत, तेही सांगा."

तीन घरी गेलो. आईबापांसमोर मुलांची माफी मागितली. दिलीपचे वडील म्हणाले, "जाऊ द्या सर, त्याला खरंच काय येत नाय." मला त्यापेक्षा दोन थोबाडीत बसल्या असत्या तर बरे वाटले असते. घरी आईला सगळे सांगितले. ती म्हणाली, "मेल्या, आदी पोरांका शिकव. मगे कायम हो."

पुढच्या शनिवारी तालीम नव्हती. पाठाची पुरती वाट लागली. दिलीपने भलत्याच प्रश्नाचे उत्तर दिले, वर्ग हसला, सुरेखा रुसली. मला वाटले, नोकरी गेली. तास संपल्यावर बाईंनी कागद हातात दिला. शकूच्या चौकटीत तीन टिंबे होती, दिलीपच्या दोन, सुरेखाच्या एक. बबनच्या चौकटीत टिंब नव्हते. तिथे बारीक अक्षरात लिहिले होते, 'ओठ हलले. पुढच्या वेळी.' गुण जेमतेम पास होण्यापुरते मिळाले. जूनमध्ये ऑर्डर आली. बबन गणपतीच्या सुमारास बोलला.

आज मी बाईंच्याच अभ्यासक्रमात रविवारी शिकवतो. पाठ बघायला शाळांत गेलो की शेवटच्या बाकावर बसतो, चौकटी आखतो. नवे शिक्षक तालीम करून आले की मला पहिल्या पाच मिनिटांत कळते. मग मी मुलांची हजेरी विचारतो आणि शिक्षकांचे चेहरे बघतो. मला राग येत नाही. मला गोवंडीची ती गल्ली आठवते आणि बाईंबद्दल इतके प्रेम दाटून येते, की ते या ग्रंथात मावणार नाही.

बाई, तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, पाय चालते राहोत, कारण तुम्हाला अजून पुष्कळ घरी जायचे आहे. सत्कार समारंभाच्या निमंत्रितांची यादी करण्याचे काम समितीने माझ्यावर सोपवले. मी पाहुण्यांच्याही आधी चार नावे लिहिली: शकू, दिलीप, सुरेखा, बबन. चौघेही येणार आहेत. कोणालाही ताप नाही. मी घरी जाऊन बघून आलो आहे.