मरीमायचा गाडा आणि फरहाबाई

"आधी सांगाचं, मंग लाजाचं." हे फरहाबाईंचं नेहमीचं बोलणं. चहा सांडला तरी हेच, साथ आली तरी हेच.

बल्लारपूरच्या नूरुद्दीन टेलरांची ही थोरली लेक. साथ आली की देशांनी एकमेकांना कधी सांगायचं आणि ते लपवतात का, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. जगभरचे कागद वाचून झाले, तेव्हा त्या अहेरीकडच्या आमच्या कोसमटोल्यात येऊन राहिल्या. लोक विचारत, "देशाचं काम, मंग इथी काऊन?" त्या म्हणत, "देश बी गावासारखेच राह्यते, भाऊ. त्याहीले बी शीव, त्याहीले बी सोयरे."

सत्त्याण्णवच्या वैशाखात गावात हगवण-ओकारी सुरू झाली. अहेरीचे डॉक्टर सलाईन लावून गेले, विहिरीत औषध टाकून गेले. पण गावाला रीत सुटेना. साथीची देवी मरीमाय, तिच्या लहानशा लाकडी गाड्यात जुनं सूप, झाडू, लिंबं ठेवायची, गाडा मुक्यानं ओढत नेऊन पुढच्या गावच्या शिवेवर सोडायचा, म्हणजे रोगही तिकडे जातो. परतताना मागे पाहायचं नाही. पुढचं गाव पळसटोला. आमच्याच नाल्याच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या वाळूत झऱ्या उकरून पाणी पिणारं. आणि आमच्या गुणवंतराव पाटलांची रंजीता त्याच गावात द्यायची होती, लग्न तोंडावर आलेलं.

फरहाबाई पाटलांच्या ओट्यावर जाऊन बसल्या. "गाडा नेता तर न्या. पण मुक्यानं नोका नेऊ. रोग कोणता, पाणी कोणतं, सांगा त्याहीले."

"सोयरीक मोडन ना, बाई. रोगाच्या गावची पोरगी म्हणतीन."

"अन् त्याहीच्या घरी कोणी मेलं, तर टिकन का?"

पाटलांच्या रुखमाबाई दारातून म्हणाल्या, "सोताचं लग्न नाई झालं, म्हणून दुसऱ्याचं मोडाले आली ही."

"माहं दोनदा मोडलं, बाई. दोन्ही बार पाहुणे आले अन् मी पुस्तक वाचत बसली होती."

रुखमाबाईंना हसू आलं, ते त्यांनी पदरात लपवलं. तेवढ्यात आतून रंजीता बोलली, "बाबा, लग्न झाल्यावर मले बी तेच पाणी प्याचं हाये."

पाटील उठले. पायात वहाणा घातल्या.

त्या दिवशी मरीमायचा गाडा पहिल्यांदा बोलत निघाला. पाटील पुढे, वाटेवर भेटेल त्याला सांगत. शिवेवर होणारे व्याही नानाजी, बातमी ऐकून, काठी टेकून उभे होते. पाटलांनी सगळं सांगितलं, काही राखलं नाही. फरहाबाई मागेच थांबल्या. हे बोलणं त्यांचं नव्हतं.

नानाजींनी आधी गाड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "गाडे लय आले आजवर. सांगाले कोणी आला नाई." आणि काठी उचलून, "लग्न पुढं घेऊ. आधी झऱ्या बुजवाव्या लागतीन."

पळसटोल्यात चारदोन माणसं आजारी पडली, पण मेलं कोणी नाही. ज्येष्ठात रंजीता त्या घरी नांदायला गेली. दुसऱ्या दिवशी फरहाबाई गावातलं काम आटोपून, तिला भेटून निघाल्या, खांद्याला बापानं शिवलेली कापडी थैली, एसटी धरायला सडकेकडे. गाडा सोडला होता त्याच शिवेवर त्या थांबल्या आणि जिथे मागे पाहायचं नसतं तिथे वळून पाहिलं, मग झाडीत शिरल्या. नवी सून डोक्यावरचा हंडा तसाच धरून, त्या दिसेनाशा होईपर्यंत पाहत उभी होती.